नसलेल्या मेंढरांचा शब्द

या, असे जवळ सरका. खांबाला टेकू नका, खांब झोप आणतो. पोरांना मांडीवर घ्या, पाण्याचा तांब्या मधे ठेवा. आज एका माणसाने दिलेल्या शब्दाची गोष्ट सांगते, आणि तो शब्द पुरा करायला त्याचं सगळं घर कसं डोंगर चढलं त्याची. गोष्ट पुराणातली नाही, ह्याच चैत्रातली आहे, आपल्या साताऱ्यातली. हसू आलं तर खुशाल हसा. देवापुढे हसलेलं चालतं, घोरलेलं चालत नाही.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अमृत राहतो. पाटबंधारे खात्यात कारकून. बायको मंगल शाळेत शिकवते, मुलगी राणी अकरा वर्षांची. मूळचे कवठे महांकाळकडचे धनगर. अमृतच्या आधीच्या पिढ्यांनी जन्म मेंढरांच्या मागे चालण्यात घालवला, आणि हा एकटा खुर्चीत बसला. बसला तो असा बसला की चाळिशीतच रक्तात साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "चाला."

झालं. दर रविवारी सगळं घर डोंगरावर. एका रविवारी अजिंक्यतारा, दुसऱ्या रविवारी यवतेश्वर, तिसऱ्या रविवारी जरंडा. घडी होणाऱ्या काठ्या आल्या, पावलं मोजणारं घड्याळ आलं, पाठीवरच्या पिशव्या आल्या. मंगल म्हणायची, "सहा दिवस शाळेतल्या पोरांच्या मागं आणि सातव्या दिवशी ह्यांच्या मागं. माझा रविवार कुठाय?"

मार्गशीर्षात अमृतचे आईवडील कायमचे राहायला आले. वडील कोंडीबा बहात्तर वर्षांचे, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आई धोंडुबाई. गुडघे तिचे कुरकुरायला लागले, पण जीभ अजून धावणारी. दोघांनी मेंढरं विकली होती. फिरायला हाताशी कुणी नव्हतं, दुसरा उपाय नव्हता. ज्या दिवशी मेंढरं ट्रकात चढवली त्या दिवशी कोंडीबा रानात निघून गेले ते दिवस मावळल्यावर परत आले. तेव्हापासून "मेंढरं विकली" हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून कुणी ऐकले नव्हते. कुणी विचारलं तर धोंडुबाई सांगायची, आणि कोंडीबा तंबाखू मळायचे.

पहिल्या रविवारी अमृतने त्यांनाही उठवलं.

"कुठं जायाचं?" कोंडीबांनी विचारलं.

"डोंगरावर, आबा."

"काय आणायला?"

"काही नाही. चालायला."

"चालून?"

"वर जायचं."

"अन् वर गेल्यावर?"

"खाली यायचं."

कोंडीबांनी बायकोकडे पाहिलं. "आगं, पोरगं आजारी हाय का?"

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "साखर झालीया. चालल्यावर उतरती म्हनं."

"मग त्या डाक्टरला म्हनावं, दोनशे मेंढरं दे औषदात. साखर काय, गूळबी उतरंल."

पण निघाले. आणि निघाल्यावर एक गंमत सुरू झाली. कोंडीबा कधी पुढे चालायचे नाहीत. धनगर मेंढरांच्या मागून चालतो, कोण लंगडतंय, कोण रेंगाळतंय ते मागूनच दिसतं. कोंडीबाही घरच्यांच्या मागून चालायचे. कुणी मागे पडलं की जीभ टाळ्याला लावून "च्यक् च्यक् हुर्र" करायचे. मंगल सांगते, "पहिल्या दिवशी मला राग आला. दुसऱ्या रविवारी बघते तर तो आवाज आला की माझे पाय आपोआप उचलतात! मी एम.ए. झालेली बाई."

असे चार महिने गेले. पाडवा झाला, आणि पाडव्यानंतरच्या रविवारी ते घडलं.

त्या दिवशी अमृतच्या मनात आलं, जरंड्याशेजारची खिंड चढायची, पलीकडे कोरेगावच्या अंगाला उतरायचं आणि तिकडून एसटीने परत यायचं. चढताना कोंडीबा नेहमीसारखे मागे. पण उतारावर बाकीच्यांचे गुडघे, काठ्या, बूट, सगळ्यांनी तक्रार मांडली आणि म्हातारा वाऱ्यासारखा पुढे निघून गेला. खाली पायथ्याला एका नांगरलेल्या रानाच्या कडेला आंब्याच्या सावलीत जाऊन बसला.

ते रान आकाराम नावाच्या शेतकऱ्याचं. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला, मिशा अजून परेडला उभ्या. त्याने पटका पाहिला, घोंगडं पाहिलं, काठी पाहिली आणि हाक मारली, "रामराम पाव्हणं! कंच्या गावचं?"

"कवठे म्हांकाळकडं."

"मेंढरं कुठशी बसल्यात सध्या?"

आता बघा. हा प्रश्न कोंडीबांना पन्नास वर्षांत हजार शेतकऱ्यांनी विचारला असेल. मेंढरं रात्री रानात बसवली की लेंडीचं खत होतं, शेतकरी बदल्यात धान्य देतो, जेवण देतो. हाच त्यांचा जन्माचा धंदा. साताऱ्यात आल्यापासून चार महिने त्यांना लोकांनी काय विचारलं? "आजोबा, लिफ्टचं बटण दाबता येतंय का?" आणि आज एका माणसाने त्यांना त्यांच्या कामाचं विचारलं. उत्तर दोन शब्दांचं होतं. ते ओठांपर्यंत आलं, तिथं अडलं, आणि त्याच्या जागी जुन्या सवयीचं उत्तर बाहेर पडलं.

"हायती की. पलीकडच्या अंगाला."

"मग आमच्या रानात बसवा की राव! आल्याची लागण करायचीया. दोन वरसं झाली, मेंढरं मिळंनात. जो येतोय त्यो उसाच्या पट्ट्यात पळतोय."

"कवा पायजेत?"

"येत्या आयतवारी. दोन राती."

"बसवतो," कोंडीबा म्हणाले. "दिस बुडायच्या आत मेंढरं तुमच्या रानात."

"शब्द?"

"शब्द."

आकारामने चंची पुढे केली, दोघांनी एकाच चंचीतली तंबाखू मळली. आमच्या शहरात कागदावर सही करतात, त्यांच्यात हे त्याहून पक्कं.

तेवढ्यात अमृत लंगडत पोहोचला. मागून मंगल, राणी आणि धोंडुबाई. आकारामने सगळ्यांना चहा पाजला आणि निरोप देताना गरजला, "मग आयतवारी वाट बघतो! टाइमशीर या!"

अमृतला वाटलं, भला माणूस जेवायला बोलावतोय. म्हणाला, "नक्की येतो! सगळेच येतो!"

एसटीत कोंडीबा खिडकीकडे तोंड करून बसले. घरी ताटावर बसले आणि भाकरी नुसती कुस्करत राहिले. धोंडुबाईने पाच मिनिटं पाहिलं, मग ताटच ओढून घेतलं.

"काय करून आलासा ते आधी सांगा. मग जेवा."

"शब्द दिलाय."

"कुनाला?"

"त्या सुबेदाराला. मेंढरं बसवतो म्हनलं."

 राणीच्या हातातला घास तोंडापाशी थांबला.

"कुठली मेंढरं?" धोंडुबाईने विचारलं.

"त्येच तर," कोंडीबा म्हणाले.

अमृतने कपाळाला हात लावला. "आबा, एवढंच ना? मी उद्या गाडीवर जातो आणि त्यांना सांगून येतो, वडिलांची चूक झाली. दोन मिनिटांचं काम."

"तू न्हाई जायाचं." कोंडीबांचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. "पन्नास वरसं ह्या मुलखात फिरलो. पाऊस आला, लांडगा आला, मेंढरं घटसर्पानं मेली, पर शब्द दिला त्या दिवशी त्या रानात हुतो म्हंजी हुतो. आता माझं पोरगं जाऊन सांगनार, म्हातारं थापाडं हाय? सांगायचं तर म्या सांगीन."

"मग सांगा की तुमीच."

कोंडीबांनी खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग हळूच म्हणाले, "तोंडातनं निघंना रं."

आता कळलं ना, कुठं अडलं ते? शब्द पाळायला मेंढरं हवीत, नाहीतर मेंढरं विकली म्हणायला हवं. मेंढरं नव्हती, आणि म्हणवत नव्हतं. मधे सहा दिवस.

मार्ग काढला धोंडुबाईने. ताट परत नवऱ्यापुढे सरकवत म्हणाली, "मेंढरं न्हाईत तर आणायची. धनगरं काय मेली का समदी? अमृत, उद्यापास्नं कचेरी सुटली की तुज्या बाला घिऊन फिर."

सोमवारपासून आमच्या इमारतीने एक नवल पाहिलं. संध्याकाळी साडेपाचला अमृत गाडी काढायचा, मागे घोंगडं पांघरून वडील. कोरेगाव रस्ता, फलटण रस्ता, आडवाटा. दर दोन मैलांवर कोंडीबा पाठीत बोट खुपसायचे, "थांब." उतरायचे, रस्त्यावर वाकायचे, लेंड्या हातात घेऊन फोडायचे. "परवाची हायत. वरच्या अंगाला ग्येलीत." बुधवारी दोघं असे रस्त्यात वाकलेले असताना साहेबांची गाडी शेजारी थांबली. काच खाली झाली.

"अमृत, काही पडलंय का?"

"नाही साहेब," अमृत म्हणाला, "शोधतोय."

साहेबांनी त्याच्या तळहातावरच्या लेंड्या पाहिल्या आणि काच वर केली. गुरुवारी कचेरीत कुणी त्याच्या डब्यातलं खाल्लं नाही.

शुक्रवारी सापडली. खिंडीच्या ह्याच अंगाला, साताऱ्याच्या बाजूला, बिराप्पा नावाचा जतकडचा धनगर उतरला होता. त्याची बायको शालूबाई, एक कुत्रा, एक घोडं, आणि सव्वादोनशे मेंढरं. कोंडीबांनी दूरवरून कळप पाहिला आणि चालता चालता थांबले. अमृत सांगतो, "आबांनी पटका सारखा केला, जसा पाव्हण्यांच्या घरी जाताना करतात."

बिराप्पाने सगळं ऐकून घेतलं. अमृतला वाटलं, आता हा मोठ्याने हसणार. तो हसला नाही. धनगराला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"मामा, आमाला तिकडंच जायाचं हाय," तो म्हणाला. "पर माझा भाव जत्रंला गावाकडं गेलाय. माझ्या पायात कुरूप, पळता येत न्हाई. रस्त्यानं न्यावं तर उसाच्या ट्राल्या सुसाट. खिंडीतनं न्यायाची तर मानसं लागत्यात. तुमच्याकडं किती हायती?"

"पाच."

"पळनारी?"

कोंडीबांनी मुलाकडे पाहिलं, त्याच्या पोटाकडे पाहिलं. "चालनारी. दर आयतवारी चालत्यात."

"बास झाली. पर एक हाय. शब्द तुमचा, तवा मेंढरं तुमी हानायची. म्या नुसता मागनं येनार."

शालूबाई म्हणाली, "घोडं खिंडीत चढायचं न्हाई. म्या बिऱ्हाड घिऊन रस्त्यानं येते." आणि भाकरी थापायला वळली.

रविवारी दुपारी घर हजर झालं. अमृत टोपी, काळा चष्मा, घडीच्या दोन काठ्या घेऊन आला. त्या काठ्या बघून बिराप्पाचा कुत्रा भुंकायला लागला तो थांबेना, म्हणून त्या घोड्यावर बांधून शालूबाईबरोबर पाठवल्या. मग कोंडीबांनी नेमणुका केल्या. चार महिने घरात "पाणी कुठं हाय, दिवा कुठनं लागतुया" असं विचारणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज असा की सुभेदारही ताठ उभा राहिला असता.

"मंगल, तू डाव्या अंगाला. तिकडं भुईमुगाची रानं हायती, एक त्वांड आत जाता कामा न्हाई. धोंडे, तू उजवीला. राणी, त्ये कालचं कोकरू हाय, त्ये उचल अन् त्याची आई दिसंल आसं चाल. मी मागं. अमृत, तू पुढं. त्यो काळा बोकड तुज्या मागनं यील अन् बोकडाच्या मागनं समदी येतील."

अमृतची छाती फुगली. "म्हणजे मी म्होरक्या!"

"म्होरक्या बोकड हाय," धोंडुबाई म्हणाली. "तू त्याच्याम्होरं नुसतं चालायचंस."

"अन् ध्यानात ठेव," कोंडीबा म्हणाले, "थांबायचं न्हाई. तू थांबलास की बोकड थांबतुया, बोकड थांबला की समदं थांबतंय."

निघाले. सव्वादोनशे मेंढरं एका पायवाटेने चढायला लागली की डोंगरच सरकतोय असं वाटतं. शंभर पावलांवर अमृतच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं, ते बघायला तो जरासा थबकला आणि बोकडाने मागून शिंगं लावली. अमृत दोन उड्यांत वरच्या वळणावर. मागून बापाचा आवाज, "आता कशी साखर उतरतीया!"

खाली मंगलच्या बाजूला तीन मेंढ्या भुईमुगाकडे वळल्या. ती ओरडली, "ए, इकडे या! या बघू!" मेंढ्यांनी तिच्याकडे शाळेतल्या पोरांसारखं पाहिलं आणि पुढे निघाल्या. मग तिने आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना ते बघितलं, पदर खोचला, जीभ टाळ्याला लावली, "च्यक् च्यक् हुर्र!" तिन्ही मेंढ्या वळल्या आणि रांगेत आल्या. मंगलला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. "आत्या! आत्या, ऐकलं त्यांनी! वीस वर्षं झाली मला शिकवायला लागून, पहिल्या हाकेला कुणी ऐकलं नव्हतं!"

"आता शाळंत करू नगंस," धोंडुबाई म्हणाली.

वाटेत एक शहरी मंडळींचा घोळका खाली उतरताना भेटला. त्यातला एक जण मेंढरांच्या मधे उभा राहून आपला फोटो घ्यायला लागला. मेंढरांनी त्याला हळूहळू, अगदी प्रेमाने, गुडघ्यांनी ढकलत बाभळीपर्यंत नेलं आणि तिथं ठेवलं.

इथवर सगळं वेळेत होतं. ऊन कलायला अजून अवकाश होता. आणि आता ह्या गोष्टीत मी स्वतः येते, कारण खिंडीच्या माथ्यावर मारुतीचं देऊळ आहे आणि हनुमान जयंतीचा सप्ताह चालू होता. वर विजेचा पत्ता नाही, म्हणून कीर्तन दुपारी. कापडाचा मांडव, चाळीस-पन्नास माणसं, मी पहिल्या रांगेत. कीर्तन म्हटलं की मला घर, गॅस, नवरा, कशाची आठवण राहत नाही. बुवा रसाळ, पण त्यांना घाई हा पदार्थ माहीत नाही. आख्यानातला राजा वनात जायला निघाला होता, आणि तासभर झाला तरी उंबऱ्यातच उभा होता. बुवा त्याला बाहेर पडू देईनात.

पायवाट देवळाच्या अंगणातूनच जाते. अमृत वर आला. घामाघूम. समोर मारुतीची मूर्ती. आता आईने लहानपणापासून लावलेलं वळण, देव दिसला की पायातलं काढायचं आणि हात जोडायचे. तो थांबला. बुटाची नाडी सोडायला वाकला.

थांबला!

बोकड थांबला. बोकडामागे पहिली दहा, मग पन्नास. मागच्या मेंढरांचा रेटा आला तशी पुढची बाजूला सरकली, आणि बाजूला होता मांडव. चैत्राचं ऊन, आत गार सावली. माझ्या मांडीशी काहीतरी ऊबदार टेकलं. बघते तर मेंढी. दोन्ही बाजूंनी मेंढ्या. पेटीवाल्याच्या मागे मेंढ्या. मृदंगाजवळ कोकरू घेऊन आमच्या इमारतीतली राणी! बुवांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली, चिपळ्या थांबवल्या नाहीत, आणि म्हणाले, "आलात? बसा."

आणि खरंच हो, बसली. सव्वादोनशे मेंढरं मांडवात आणि अंगणात पाय दुमडून बसली आणि रवंथ करायला लागली. माणसांपेक्षा शांत. एकही उठून पाणी प्यायला गेलं नाही.

कोंडीबा मागून पोहोचले, आणि त्यांनी डोळ्यांनी सगळं जाणलं. दिवस कलला होता. अजून अर्धा डोंगर उतरायचा होता. एक हाळी घातली असती तर कळप उठला असता. पण कीर्तनातून आरतीआधी उठू नये, आणि कुणाला उठवू तर अजिबात नये, हे त्यांच्या हाडात. म्हातारा हात जोडून मांडवाच्या कडेला उभा राहिला. एक डोळा मारुतीकडे, एक सूर्याकडे. राजा अजून उंबऱ्यात. सूर्य एक वीत खाली. राजाने राणीचा निरोप घेतला. सूर्य आणखी दोन बोटं खाली. राजा परत वळला, कारण पोपटाचा निरोप राहिला होता. कोंडीबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि हात जोडलेले तसेच.

देवा, मी कीर्तनवेडी बाई, पण त्या घटकेला मलाही वाटलं, बुवा, जाऊ द्या हो राजाला!

शेवटी धोंडुबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, मेंढरांमधून वाट काढत पार बुवांपुढे गेली आणि पायांवर डोकं ठेवलं. मृदंग थांबला.

"म्हाराज, चुकीची माफी करा. आमच्या मालकांनी शब्द दिलाय. दिस बुडायच्या आत ही मेंढरं खालच्या रानात ग्येली पायजेत. त्यास्नी आरतीबिगार हलवत न्हाई अन् तुमचं आख्यान तर लय ग्वाड. काय करू सांगा."

बुवांनी कडेला उभ्या असलेल्या कोंडीबांकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे पाहिलं. खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "बाई," ते म्हणाले, "आमचा राजाही शब्दासाठीच वनात निघालाय. तो उद्या गेला तरी वन तिथंच राहील. ह्यांचा दिवस मात्र आज बुडतोय. लावा रे आरती!"

चाळीस वर्षांत बुवांचं एवढं लहान कीर्तन झालं नव्हतं. मागच्या रांगेतल्या कितीतरी मंडळींनी आरती झाल्यावर मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवला, तो निव्वळ भूतदयेने असं मी समजते. बोकडाने मात्र प्रसादाच्या परातीतले दोन नारळाचे तुकडे आणि बुवांच्या हाराचा अर्धा भाग घेतला आणि मगच तो उठला.

उतारावर सगळ्यांनी पाय उचलले. अमृत थांबला नाही, पाणी प्यायला नाही, एकदा घसरून बसला तर बसल्या बसल्याच पुढे सरकत राहिला. मंगलचा "हुर्र" आता सासऱ्यांच्या तोडीचा झाला होता. मीही मागोमाग निघाले होते. राजाचं काय झालं ते उद्या कळलं असतं, ह्यांचं आजच कळणार होतं.

आकाराम बांधावर उभा होता, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. मेंढरं रानात उतरली तेव्हा सूर्याची खालची कड डोंगराला टेकली होती.

"शाबास!" आकाराम गरजला. "टाइम म्हंजी टाइम! काय कळप हाय पाव्हणं, नंबर एक! तुमचाच न्हवं?"

बिराप्पा लंगडत मागून आला होता. त्याने कोंडीबांकडे बघून हळूच मान हलवली. जणू म्हणत होता, व्हय म्हणा की, मी तुमचा गडी म्हणून उभा राहतो. अमृतनेही खाली मान घातली. शब्द पुरा झाला होता, एवढंसं हो म्हटलं असतं तर कुणाचं काही गेलं नसतं.

कोंडीबांनी पटका काढला, तोंड पुसलं, परत घातला. रानात बसायला लागलेल्या मेंढरांकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "ही ह्या बिराप्पाची. माझी म्या इकली. मार्गशीर्षात."

धोंडुबाईने तोंडाला पदर लावला. आकारामने एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "आं? मग मागल्या आयतवारी?"

"तवाबी न्हवती."

"मग न्हाई म्हनायचं हुतं की राव! एवढ्या डोंगरातनं कशाला..."

"तुमी मेंढरं कुठं हायती म्हनलासा. बोलायला जमलं न्हाई." कोंडीबा थांबले. "आता जमलं."

आकारामने एकदा मिशीवरून हात फिरवला. मग त्याने घराकडे तोंड करून हाळी दिली, "आगं ए! दोघांच्या भाकरी म्हनलो हुतो, सहांच्या कर! न्हाई, त्या मागच्या बाई कोन? त्यास्नीबी धर, सातांच्या कर!" आणि कोंडीबांकडे वळून म्हणाला, "आमच्या पलटणीत रेशन पोचवायला तुमच्यावानी एक गडी असता तर आमी चार दिस नुसत्या बिस्किटावर काढलं नसतं."

कोंडीबा हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा, दात दिसतील असे. तंबाखूची चंची त्यांनी स्वतः पुढे केली.

ते बघून बांधापलीकडचा शेतकरी पुढे आला. "पाव्हणं, आमचंबी रान मोकळंच हाय. येत्या आयतवारी जमंल का?"

कोंडीबांनी तोंड उघडलं.

"न्हाई!" अमृत, मंगल, राणी आणि धोंडुबाई एका सुरात ओरडले. मांडवात सुद्धा इतका एकसूर मी ऐकला नाही. बसलेली मेंढरंही उठून उभी राहिली.

कोंडीबांनी तोंड मिटलं, बिराप्पाकडे बोट दाखवलं. "त्येला इचारा. मेंढरं त्येची." आणि जरा थांबून, "हानायला मानसं लागली तर हायती पाच."

एवढी ही गोष्ट. पण उठू नका, एक मागणं राहिलं. आम्ही सगळे जेवायला बसलो, पहिला घास तोंडात गेला आणि रस्त्यावरून घोड्याच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं. शालूबाई आली. उसाच्या ट्रॉल्या चुकवत, भांडी, अंथरुणं, कोंबड्या आणि अमृतच्या त्या दोन काठ्या लादलेलं घोडं ओढत, सगळा वळसा एकटीने चालून. ती आधी कळपात गेली, कोकराला त्याच्या आईला लावलं, मग घोड्याला पाणी पाजलं. आम्ही शब्दाचं कौतुक करत होतो, आणि तिला चहा हवा का हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. मीही नाही. तेव्हा आज घरी जाऊन देवापुढे दिवा लावाल, तेव्हा तुमच्या नावांबरोबर तिचंही एक नाव घ्या. शालूबाई, जतकडची. ती ह्या घटकेला कुठल्या रस्त्याने चालत असेल ते त्या मारुतीलाच ठाऊक.